ओट्याची उंची

६ जानेवारी, सोमवार

बसलं! धनकवडीच्या डॉक्टरीणबाईंचं भिंतीतलं कपाट आज बसलं एकदाचं. भिंत काटकोनात नव्हतीच – पुण्यातल्या बिल्डरांना काटकोन शाळेत शिकवत नसावेत – पण मी कपाटाची कड अशी उतरवून घेतली की मध्ये कागद जाणार नाही. बाईंनी दार उघडलं, मिटलं, परत उघडलं. "अहो, आवाजच येत नाही!" म्हटलं, आला तर फोन करा.

परत येताना धायरी फाट्यावर नेहमीप्रमाणे अडकले. पण तिथून आमच्या वर्कशॉपची पाटी दिसते, त्यामुळे मला त्या ट्रॅफिकचा राग येत नाही. 'कल्याणी फर्निचर. माप आम्ही घेतो. आजवर चुकलेलं नाही.' पाटी रंगवताना श्याम पेंटर म्हणाला होता, ताई, शेवटचं वाक्य नको, नजर लागेल. मी म्हटलं, तेच वाक्य जरा मोठ्या अक्षरात काढ.

९ जानेवारी, गुरुवार

कॅनडातून फोन! पायल जगताप, डॉक्टरीणबाईंची मैत्रीण. तिचे आईवडील बिबवेवाडीत राहतात. रिटायर्ड, दोघंच. सध्या कराडला गेलेत – पुतण्याचं लग्न, मग महिनाभर तिथंच मुक्काम. तेवढ्यात त्यांचं स्वयंपाकघर नवं करून टाकायचं, आणि त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. "टोटल सरप्राइज हवंय मला. तीन वर्षं मी घरी आले नाहीये, ॲटलीस्ट एवढं तरी करू दे."

म्हटलं, छान. पण स्वयंपाक कोण करतं? मला त्यांना बघावं लागेल.

"आई करते. पण बघणार कशा? सरप्राइज आहे ना!"

इथंच गाडी अडली. माझी पद्धत ठरलेली आहे – आधी माणूस मोजायचा, मग भिंत. ओट्यापाशी उभं करते, हवेत पोळी लाटायला लावते, वरचा डबा काढायला लावते, पाण्याने भरलेला कुकर उचलायला लावते. लोक हसतात. हसू देत. खांदा कुठे अडतो आणि कंबर कुठे कुरकुरते ते टेपवर दिसत नाही.

हे आईमुळे आलं. आई चार फूट नऊ इंच. खडकीच्या क्वार्टरमधला ओटा कुणा उंच माणसाच्या मापाचा. आईने जन्मभर पाटावर उभं राहून स्वयंपाक केला. एकदा पाट सरकला, आई पडली, मनगट मोडलं, आणि तो हात पुन्हा सरळ झालाच नाही. बाबा म्हणाले, जरा बघून उभं राहावं. बघून! ओटा बदलावा असं घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. मी तेव्हा शाळेत होते, माझ्याही नाही. आता मात्र प्रत्येक घरात येतं.

पायलला म्हटलं, विचार करून सांगते. तर ती – "मी सांगते ना हाईट. आई पाच फूट पण नाहीये. ओटा उंच असला की तिचे खांदे दुखतात. तीस इंचाचा करून टाका."

११ जानेवारी, शनिवार

काम घेतलं. माणूस भेटत नसेल तर माणसाचं स्वयंपाकघर मोजू. रोज हात लागतो तिथे डाग पडतो, रोज पाय घासतो तिथली फरशी मळकटते. असं कधी केलेलं नाही, म्हणूनच करायचं.

शेजारणीकडून किल्ली घेतली. बरोबर रज्जाकभाई – माझे मुख्य कारागीर, कसबा पेठेतले, तीन पिढ्या लाकडात. सहा फूट उंच आणि तेवढेच सरळ. त्यांना माझी ही कल्पना अजिबात पसंत नव्हती. "ताई, पार्टी सांगते तेवढं करायचं आणि घरी जायचं."

पण काय विचित्र स्वयंपाकघर! गॅसची शेगडी लाकडी फळकुटावर उचलून ठेवलेली. ओटा आधीच नेहमीच्या उंचीचा, त्यावर हे तीन इंच आणखी. पाच फुटांची बाई असं कशाला करेल? कढईत डोकवायला तिला टाचा उंच कराव्या लागतील. झारे आणि पळ्या शेगडीच्या डाव्या बाजूला खिळ्यांना. खिडकीशेजारी भिंतीवर तेलकट पंजा – टेकून उभं राहायची कुणाची तरी सवय. तोही डावा, आणि माझ्या कपाळाच्या उंचीवर! वरच्या फळीवर धुळीचा कण नाही. ओट्याखालची कपाटं मात्र महिनोन्‌महिने उघडलेली दिसत नाहीत. ज्याला वाकायचा कंटाळा, त्याचंच हे काम.

"भिंत पुसायला कुणी गडी आला असेल, त्याचा पंजा," रज्जाकभाई. म्हटलं, एकाच जागी शंभरदा टेकून?

दाराजवळच्या कोपऱ्यात एक खुर्ची. तिच्या पाठीने भिंतीचा रंग खरवडलाय, समोरच्या फरशीची चकाकी गेलीय. रोज कुणीतरी खूप वेळ बसतं तिथे. तिथल्या भिंतीवर दुसरा पंजा – लहान, खाली. हाताशी छोटी फळी, त्यावर मसाल्याचा डबा आणि बाकीचे रोजचे डबे. डब्यांना रबरबँड घातलेले. मिठाला एक, साखरेला दोन, चहाला तीन. शिस्तीची बाई दिसते, मी म्हटलं.

कुठला डबा कुठे, त्याचे फोटो काढून ठेवले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला डबा जागेवरून हलवायचा नाही, हा माझा जुना नियम. कपाट नवं आलं तरी हात जुनाच असतो. मीठ होतं तिथेच सापडलं पाहिजे, नाहीतर बाई दोन महिने सुताराला शिव्या घालते आणि ते बरोबरच असतं.

१२ जानेवारी, रविवार

पायलला मेसेज टाकला – घरी स्वयंपाकाला बाई आहे का? उंच? उत्तर आलं, "नाही!! आई कोणाला किचनमध्ये हात लावू देत नाही. बाबांना तर चहापण येत नाही." पुढे हसून हसून रडणारी तीन तोंडं.

मग शेगडी उचलली कुणी?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रज्जाकभाईंना तिळगूळ दिला. गोड बोला आणि ओट्यावरून वाद घालू नका म्हटलं. "गोड बोलतो. वाद घालणारच."

१६ जानेवारी, गुरुवार

सापडला!!

चैन पडेना म्हणून एकटीच पुन्हा बिबवेवाडीला गेले. स्वयंपाकघर सोडून हॉलमध्ये बसले. समोर भिंतीवर फोटो – पाटबंधारे खात्याचा निरोप समारंभ. रंगराव जगताप शाल-श्रीफळ घेऊन उभे, ताडमाड. शेजारी मुक्ताई जगताप, त्यांच्या जेमतेम खांद्यापर्यंत येणाऱ्या. आणि रंगरावांचं घड्याळ उजव्या मनगटावर! डावखुरा, उंच, न वाकणारा.

स्वयंपाक काका करतात! आणि मुलीला वाटतं बाबांना चहा येत नाही!

एकटीच खदखदून हसले. रिटायर झाल्यावर पुरुषांना पेपर आणि कट्टा यापलीकडे काही सुचत नाही. हा गृहस्थ पोळ्या लाटतोय, आणि काकू खुर्चीत बसून हुकूम सोडतायत. मुलीला सांगितलं नसेल लाजून. पाटबंधारे खात्यातला अधिकारी आणि कणीक मळतो, हे सांगणार कसं!

पायलला आता काही बोलायचं नाही. सरप्राइज देणारीलाच सरप्राइज. काम संपलं की व्हिडिओ कॉलवर एकेक खूण दाखवीन – शेगडी, पंजा, घड्याळ. माणूस न बघता माणूस मोजला! पुण्यात दुसऱ्या कुणी करून दाखवावं.

१८ जानेवारी, शनिवार

ओट्याचे उभे कडप्पे कापायला दिले. छत्तीस इंचांचा ओटा. रज्जाकभाईंनी कटरवाल्यासमोरच सुरुवात केली.

"पार्टीने तीस सांगितलं. स्पष्ट सांगितलं. आणि तुम्ही छत्तीस करताय, ते पण घड्याळ बघून! उद्या काकू आल्या आणि म्हणाल्या मला पुरत नाही, मग? ओटा काय शर्टाची बाही आहे, दुमडून घ्यायला?"

"मग पाटी उतरवीन."

"शिडी मलाच धरावी लागणार," म्हणाले.

थोडी धाकधूक आहे. खोटं कशाला बोलू? ओटा उतरवायचा तर सगळं फोडावं लागतं, खालच्या ट्रॉल्यांसकट. आणि माझं नाव पाटीवर आहे, पायलचं नाही. पण मी तो पंजा पाहिलाय. त्या पंजाच्या माणसाला तीस इंचांच्या ओट्यापुढे उभं करणं म्हणजे माझ्या आईला पाटावर उभं करण्यासारखंच.

२३ जानेवारी, गुरुवार

आज कोपऱ्याची बैठक केली, आणि आजचा दिवस माझा!

पायलने ही मागितलेलीच नाही. तिला त्या जागी उंच फ्रीज हवा होता. फ्रीज हॉलमध्ये ढकलला. त्या जागी बुटकी बैठक, पाय पूर्ण टेकतील अशी – फरशी कुठपर्यंत झिजलीय त्यावरून काकूंच्या पायाचा अंदाज घेतला. पुढे छोटा ओटा, मांडीच्या वर येईल एवढाच, आणि तो मोठ्या ओट्याला भिडवलेला. काकूंनी बसल्या जागी पातेल्यात मीठ टाकावं आणि काकांनी वळून परात घ्यावी, कुणाला उठायला नको. डब्यांची फळी होती तिथेच, त्याच उंचीवर.

या कोपऱ्याला प्लाय वापरायची इच्छाच होईना. वर्कशॉपमध्ये जुन्या सागाची एक फळी कित्येक वर्षं जपून ठेवली होती. काढली. कडा रज्जाकभाईंनी स्वतः गोल केल्या, रंधा मारून मग पॉलिश पेपरने, अर्धा दिवस. डोळे मिटून बोट फिरवलं तर सांधा कळत नाही. "कुणासाठी एवढं?" त्यांनी विचारलं. राणीसाठी म्हटलं, बसून राज्य करते. हसले. सहा फुटांचा माणूस हसला की बरं वाटतं.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीने आज ड्रिल चालवायला मनाई केली. प्रजासत्ताक!

३१ जानेवारी, शुक्रवार

कपाटाचं एक शटर किंचित खाली बसलं. "कुणाला दिसणार नाही," रज्जाकभाई. मला दिसतंय ना! उतरवलं, बिजागरी हलवली, परत लावलं. ते पुटपुटत होते, पण स्क्रू त्यांनीच पिळले.

५ फेब्रुवारी, बुधवार

पूर्ण!

लिहून ठेवते, कारण असं काम रोज होत नाही. खिडकीतून ऊन येतं ते थेट ओट्यावर पडतं. शटरना फिकट हिरवा रंग, डोळ्यांना थंड. झारे डाव्या बाजूला, आता खिळ्यांऐवजी पितळी आकड्यांवर. ट्रॉल्या डाव्या हाताने ओढल्या तरी अडत नाहीत. वरच्या कपाटाचं दार वर उघडतं, उंच माणसाच्या डोक्याला लागत नाही. डबे फोटो बघून एकेक जागेवर ठेवले, रबरबँडांसकट. शेजारीण बघायला आली आणि दारातच थांबली. "हे आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे?" म्हणाली. 

रज्जाकभाईंना ओट्यापुढे उभं केलं. पोळी लाटा म्हटलं. लाटली बिचाऱ्यांनी, हवेतली. कुकर उचलला. वळले, परत आले. मग ओट्यावर तळहात टेकवून म्हणाले, "कमरेला कळलंच नाही, ताई." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक. नंतर लगेच – "पण काकू लहान आहेत, हे विसरू नका."

पायलला मेसेज केला – ओटा झाला, आईबाबा आले की दाखवते, आणि मापाची एक गंमत सांगायची आहे. तिने सोमवारची सकाळ ठरवली, तिच्याकडे रविवारची संध्याकाळ. तोपर्यंत फोटोसुद्धा नको म्हणाली, सगळं लाइव्ह बघायचंय. उत्तम. माझी छाती आत्ताच फुगलीय, सोमवारपर्यंत टिकली पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार

काका-काकू काल आले. मी आज सकाळी गेले, म्हटलं ट्रॉल्या कशा ओढायच्या ते दाखवावं. खरं म्हणजे तोंडं बघायची होती.

दार काकांनी उघडलं. खांद्यावर पंचा, डाव्या हातात झारा! घरभर खमंग फोडणीचा वास. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. "आपण कल्याणीताई ना? या, या. काल आल्या आल्या पोळ्या केल्या. पहिल्यांदा कंबर दुखली नाही हो." आणि मग एकदम ओशाळले, झारा मागे घेतला.

आत काकू बैठकीवर बसल्या होत्या. सागाच्या कडेवरून बोटं फिरवत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. "ही गोलाई कुणी केली?" आमच्या रज्जाकभाईंनी, मी म्हटलं. "हात चांगला आहे त्यांचा." बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या, पण माझ्याकडे नाही. माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. मग मान न वळवता हात वर केला, एका रबरबँडाचा डबा काढला, बोटाने बँड चाचपला, चिमूटभर मीठ घेतलं आणि शेजारच्या पातेल्यात टाकलं.

तेव्हा कळलं मला. तेव्हा!

"डोळ्यांचा पडदा बिघडलाय," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. इंजेक्शनं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत. पण समोरचं दिसत नाही, कडेकडेचं थोडं दिसतं."

"मीठ-तिखट अजून माझंच आहे," काकू. "हे नुसते हमाल."

"हमालाची आमटी दोनदा वाढून घेतलीस काल."

मी हसले. हसतच विचारलं, पायलला का नाही सांगितलं हे? काकांनी आमटीखालचा गॅस बारीक केला.

"कळलं तर दुसऱ्या दिवशी तिकीट पाठवेल," काका म्हणाले. "प्रेमानेच नेईल. पोरगी वाईट नाही आमची. पण नेईल."

काकू म्हणाल्या, "तिथं गेले की मी आंधळी. इथं मला सगळं दिसतं."

व्हिडिओवर त्या आवाजाच्या दिशेला बघतात आणि मान हलवतात. दोन वर्षं चाललंय. काकांनी ओट्यावर हात ठेवला, उंची बघितली, काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, हा ओटा बघून तिला कळेलच ना उद्या, की इथं उभं कोण राहतं?" बाकी काही मागितलं नाही त्यांनी. चहा दिला. चहा फक्कड होता.

वर्कशॉपला येऊन रज्जाकभाईंना सगळं सांगितलं. ते नुसतं 'या अल्ला' म्हणाले आणि पटाशीला धार लावत बसले.

स्वतःचाच राग आलाय. शेगडी वाचली, पंजा वाचला, घड्याळ वाचलं, रबरबँडपण मोजले – आणि माणसं मुलीपासून हे लपवतात का, एवढा साधा प्रश्न पडला नाही! पडला तर त्याचंही मीच उत्तर दिलं, लाजतात म्हणून. हुशारी दाखवायची हौस, दुसरं काय. पण एक कबूल करते, इथे कोण वाचणार आहे – काकूंचा हात न चाचपडता मिठाच्या डब्यावर गेला, तेव्हा अंगावर काटा आला आणि तो अभिमानाचा होता. अजूनही आहे.

उद्या सकाळी कॉल. गंमत सांगते म्हणून बसलेय पायलला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल पायलने फोनमधून ओटा बघितला आणि किंचाळलीच. "एवढी हाईट? मी तीस सांगितलं होतं! आईला कसा पुरणार?" काका खाली बघायला लागले. मी म्हटलं, माझं माप चुकलं. "आणि ती गंमत काय होती?" हीच, म्हटलं. ती बरंच बोलली, पाटीवरूनही बोलली. मग बैठकीवरून काकूंचा आवाज आला – "असू दे गं. मी पाटावर उभी राहीन."

आज श्याम पेंटरकडून पाटीवरचं शेवटचं वाक्य पुसून घेतलं. शिडी रज्जाकभाईंनी धरली. "म्हटलं होतं ना ताई, नजर लागेल," श्याम म्हणाला. लागली, म्हटलं.

इतकं बरोबर माप मी जन्मात घेतलेलं नाही.